एका टिंबाचा रुपया

नाणी जमवणाऱ्या चार माणसांना एका खोलीत बसवा आणि नकली नाण्याचा विषय काढा. चहा येईपर्यंत भांडण लागलेलं असतं. एक म्हणतो, संग्रहात नकल ठेवली तर काय बिघडलं, अस्सल परवडत नाही त्यानं करायचं काय? दुसरा म्हणतो, आज ठेवाल, उद्या विकाल, परवा फसवाल. आमचं मंडळ महिन्यातून एका रविवारी नांदेडला जमायचं. मी लातूरहून एसटीनं जायची, आणि ‘फेकून द्या’ म्हणणाऱ्यांत माझा आवाज सगळ्यांत मोठा असायचा. बाईमाणूस म्हणून सुरुवातीला लोक गालातल्या गालात हसायचे. पुढं हसेनासे झाले, कारण माझा कान चुकत नव्हता.

हा कान वडिलांकडून आलेला. ते नांदेड स्टेशनात तिकीट खिडकीवर होते. खोटं नाणं पदरात पडलं तर भरपाई स्वतःच्या खिशातून, म्हणून त्यांनी खिडकीत एक काळी फरशी ठेवली होती. येणारं प्रत्येक नाणं तिच्यावर आपटायचं. खण्ण वाजलं की गल्ल्यात, टप्प वाजलं की परत. नाण्याकडं बघायचेसुद्धा नाहीत. रांग दारापर्यंत गेलेली, बघत बसायला वेळ कुणाला? घरीसुद्धा त्यांचा तोच नियम. खोटं घरात ठेवायचं नाही, त्याची सवय लागते, म्हणायचे. मी शाळेत असतानाच डोळे मिटून आवाज ओळखायला लागले होते, आणि त्याचा मला लई गर्व होता.

कान वडिलांनी दिला, पण डोळे दिले चाचांनी. चाचा म्हणजे जुन्या नांदेडातले चांदीचे कारागीर. दुकान कसलं, एक ओटा, त्यावर ऐरण, हातोड्या, दिवा, फुंकायची नळी आणि मागं पत्र्याच्या डब्यांची उतरंड. वडिलांच्या हाती खिडकीत एखादं जुनं नाणं आलं की स्वतःचे पैसे टाकून ते घ्यायचे आणि सुट्टीच्या दिवशी मला घेऊन चाचांकडं जायचे. निजामाच्या वेळचं चारमिनारचं नाणं मी पहिल्यांदा त्या ओट्यावर पाहिलं. चाचांनी ते माझ्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाले, “ले बेटी, पढ. पढ सकी तो तेरा.” पढ म्हणे! मला त्या उर्दू आकड्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण माणूस मोठा चिवट. दर सुट्टीला दोन-दोन आकडे शिकवून त्यांनी ते माझ्याकडून वाचून घेतलं, आणि खरंच ते नाणं मला देऊन टाकलं. आजही माझ्या अल्बमची सुरुवात त्याच नाण्यानं होते.

आता त्यांच्याशी मी भांडले कशावरून, ते सांगते.

आमच्याकडं लेकीच्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला तिच्या ओटीत राणीछाप रुपया घालायची रीत आहे. इंग्रजांच्या राणीचा मुखवटा असलेला चांदीचा जुना रुपया. लेक तो सासरी नेते आणि लक्ष्मीपूजनाला मांडते. पण अस्सल रुपया सगळ्यांना कुठून झेपणार? म्हणून दिवाळीच्या आधी चाचा पांढऱ्या धातूच्या नकला पाडायचे. हुबेहूब. फक्त राणीच्या मानेखाली बारीक टिंबाची खूण असायची, आणि ती खूण गिऱ्हाइकाला भिंगातून दाखवल्याशिवाय चाचा रुपया हातात देत नसत. “नकल है मां, ध्यान रखना,” असं वर म्हणायचे.

एकदा मंडळातल्या तिघांना घेऊन मी त्यांच्याकडं गेले. ओट्यावर ताज्या नकलांची रास पडलेली. माझं डोकं फिरलं. उचलली जीभ लावली टाळ्याला! म्हटलं, “चाचा, तुमच्यासारख्यांमुळं आमचा छंद बदनाम होतो. खोटी नाणी पाडून पोट भरता, लाज नाही वाटत?” ज्या माणसानं मला वाचायला शिकवलं त्याला, तीन परक्या लोकांसमोर. चाचा एवढंच म्हणाले, “मैं कुछ छुपाया क्या, बेटी?” मी अर्धा चहा तसाच टाकून उठले. त्यानंतर सहा वर्षं मी त्यांच्या गल्लीत पाऊल टाकलं नाही.

माझं सासर लातूरचं. भूकंप झाला तेव्हा मी इथं नवीनच होते. गणपती बोळवून गाव झोपलेलं, आणि पहाटे मांडणीवरची भांडी अंगावर आली. आमची तर नुसती भिंत तडकली, तिकडं औशाच्या बाजूला गावंच्या गावं मातीत गेली. महिनाभर आम्ही सगळी गल्ली रस्त्यावर झोपत होतो. पुढं त्याच लातुरात क्लासेसचं पेव फुटलं. जिकडं बघावं तिकडं नंबरात आलेल्या पोरांचे फोटो. बिलोलीपासून उदगीरपर्यंतची पोरं डॉक्टर व्हायला इथं यायला लागली. आम्हीही माडी वाढवली आणि आठ मुली ठेवल्या. राहणं वर, जेवण खाली माझ्या हातचं. मुली मला काकू म्हणायच्या, माघारी नाणेवाल्या काकू.

त्यातली एक बिलोलीकडच्या खेड्यातली. अभ्यासात तल्लख, बोलायला कमी. तिचे आईवडील भूकंपात गेले होते. ती तेवढी वाचली, कारण अंगावरचं दूध तोडायचं म्हणून आईनं तिला चार दिवस आजीकडं, बिलोलीला ठेवलं होतं. त्या चार दिवसांतच सगळं झालं. तिकडचं घर गेलं, फोटोसुद्धा राहिला नाही. तिला वाढवली ती ह्या आजीनं, आईच्या आईनं.

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली होती. मुली जेवायला बसलेल्या, आणि ही पोर ताटावर बसायच्या आधी माझ्याकडं आली. ओढणीच्या टोकाची गाठ सोडली. आत एक राणीछाप रुपया.

“काकू, बघा ना जरा. आईचा आहे. ढिगाऱ्यात तिचा कुंकवाचा करंडा सापडला होता, चेपलेला. त्यात होता. आजीनं जपून ठेवला होता, यंदा मला दिला.”

मी काय करावं? बघावं ना! भिंग फडताळात होतं, दोन पावलांवर. पण वडिलांची सवय. रुपया घेतला आणि ओट्याच्या कडप्प्यावर आपटला. टप्प.

“खोटा आहे गं,” मी म्हटलं. आठ मुलींसमोर, पोळी लाटता लाटता. “बाजारात दिवाळीला ढिगानं मिळतात असले.”

पोरीनं रुपया उचलला. ताट तसंच ठेवून वर गेली. माझ्या हातातलं लाटणं तेव्हा थांबलं, पण तोवर बोलून बसले होते.

दुसऱ्या दिवशी तिनं आजीला फोन लावला, आजीच्या शेजाऱ्याच्या मोबाइलवर. मी जिन्यात उभी होते, ऐकायला नको होतं पण ऐकलं. पोर म्हणत होती, “आजी, खरं सांग. तो रुपया आईचाच हाय ना? काकू म्हणाल्या नकली हाय.” पलीकडून बराच वेळ काही आलंच नाही. मग फोन बंद झाला.

झालं! पोरीनं काय अर्थ काढायचा तो काढला. मला म्हणाली, “काकू, बरं झालं तुम्ही सांगितलं. आजीनं लहानपणी माझं रडं थांबवायला कुठनंतरी बाजारातून आणला असंल. करंडा बी खोटा असंल. मी आता दिवाळीला जात नाही.” हे ती रागानं म्हणाली असती तर मी सोसलं असतं. ती अगदी शांतपणे म्हणाली. दोन दिवस पुस्तकासमोर बसायची, पान उलटत नव्हती. रात्री मला कळून चुकलं की मी एका नाण्याला खोटं म्हणाले नव्हते. त्या पोरीचं जगात एकच माणूस होतं, आणि तिनं आता त्यालाच खोटं ठरवलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी वर गेले. म्हटलं, “माझं चुकलं. नीट बघितलं नाही मी. दे इकडं.” तिनं नुसता हात पुढं केला. ह्या वेळी खिडकीशी बसून भिंग लावलं. अक्षरांच्या खाचांत कुंकू बसलेलं होतं, जुनं, काळपट झालेलं. आणि राणीच्या मानेखाली एक टिंब.

अगं बाई! मी दोनदा डोळे पुसले. मग तिला म्हटलं, “हा कुणी पाडला ते मला ठाऊक आहे. चल माझ्यासंगं नांदेडला.” ती म्हणाली, क्लास आहे. मी म्हटलं, “क्लास गेला खड्ड्यात, चप्पल घाल.”

नांदेडपर्यंत एसटीत ती खिडकीबाहेर बघत होती आणि मी मनात वाक्यं जुळवत होते. नाक मुठीत धरून जाणं म्हणजे काय, ते मला त्या प्रवासात कळलं. चाचा ओट्यावरच होते. पाठ वाकलेली, चष्मा जाड झालेला. मी पायरीशी उभी. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. म्हटलं, “चाचा, मी तुमची माफी मागायला आले. आणि एक काम पण आहे.”

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. “पहले चाय पी,” म्हणाले. “उस दिन आधी छोडके गई थी.” माणसानं एवढ्यावर सहा वर्षं मिटवून टाकली. मला तिथं पायरीवर रडू आलं, आणि माझं रडं म्हणजे काही मुळुमुळु नसतं, शेजारचा भांडीवाला उठून बघायला आला.

मग पोरीनं रुपया पुढं केला. चाचांनी भिंगातून एकदा बघितलं आणि लगेच म्हणाले, “मेरा है. पहला ठसा.”

“म्हणजे?” पोरीनं विचारलं.

चाचांनी समजावलं. ठसा पोलादाचा, पण मारून मारून कधीतरी फुटतोच. पहिल्या ठशाला त्यांनी एक टिंब दिलं होतं. तो फुटला, दुसरा कोरला, त्याला दोन टिंबं. आता चौथा चालू आहे, त्याला चार. कुठल्या ठशाचा माल कुठला, हे आपल्याला कळावं म्हणून. हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं, कारण मी कधी विचारलंच नव्हतं.

“पहिला ठसा कधी फुटला?” मी विचारलं.

चाचा उठले, उतरंडीतला खालचा डबा काढला. त्यात कागदाच्या पुड्या. एक पुडी त्यांनी माझ्या हातात दिली. आत दोन तुकडे झालेला ठसा आणि त्यातून निघालेला शेवटचा रुपया. पुडीवर शाईनं काहीतरी लिहिलेलं, उर्दू आकड्यांत.

“ले,” चाचा म्हणाले, “पढ.”

मी वाचलं. त्यांनीच शिकवलेले आकडे. भूकंपाच्या दोन वर्षं आधीचं साल होतं.

पोर माझ्याकडं बघत होती. मी मोठ्यानं सांगितलं, म्हटलं, एका टिंबाचा रुपया भूकंपानंतर पाडलेला असूच शकत नाही. ती म्हणाली, “पण उरलेला माल नंतर विकला असंल तर?” क्लासची पोरगी! एका उत्तरावर विश्वास ठेवायची नाही. चाचा खूश झाले. “हुशार है,” म्हणाले. “माल उरत न्हाई, बेटी. दिवाळी झाली की जे राहिलं ते मी वितळवतो. धातू अडकवून ठेवायला मी काय सावकार हाय? आणि भूकंपाच्या साली तर मी ठसा बाहेर काढलाच नाही. कुणाच्या मनात दिवाळी होती?”

“तुझ्या आईचं लग्न कधी झालं?” मी विचारलं.

तिनं बोटांवर हिशेब केला. ती एक वर्षाची असताना भूकंप. त्याच्या दोन वर्षं आधी आईची पहिली दिवाळी. बोटं तशीच उघडी ठेवून ती त्या फुटक्या ठशाकडं बघत राहिली. मग तिनं वाकून चाचांच्या पायांना हात लावला, आणि चाचा “अरे नक्को, नक्को” म्हणत मागं सरले.

ज्या टिंबाच्या रुपयांवरून मी सहा वर्षांपूर्वी चाचांची लाज काढली होती, ते टिंब टाकायला त्या माणसाला कुणी सांगितलं नव्हतं. कुणी तपासायला येणार नव्हतं. नकल घेणारी माणसं गरीब, त्यांना काय कळणार होतं? तरी दर ठशात ते कोरायचे, दर गिऱ्हाइकाला दाखवायचे, फुटका ठसा साल लिहून ठेवायचे. मी माझ्या खऱ्या नाण्यांची नोंद इतकी नीट ठेवलेली नाही. मंडळात आता नकलांवरून भांडण निघालं की मी सांगते, जो लपवतो त्याला हाकला, पण जी नकल स्वतःच्या तोंडानं ‘मी नकल’ म्हणते तिला बसायला जागा द्या. माझ्या अल्बममध्ये शेवटचं पान चाचांच्या रुपयांचं आहे. दोन टिंबांचा, तीन टिंबांचा, चार टिंबांचा. एका टिंबाची जागा रिकामी ठेवली आहे, त्या पोरीचा रुपया तिथं कधी येणार नाही हे मला माहीत आहे. चाचा आता नाहीत. ते असताना मी माफी मागू शकले ह्याबद्दल मी त्या पोरीचे उपकार मानते, आणि बाकी सगळ्याबद्दल चाचांचे.

पण तो दिवस अजून संपला नव्हता. पोर म्हणाली, “काकू, मी इथूनच बिलोलीला जाते.” मी म्हटलं, “मी येते. बोलणं माझं होतं, निस्तरायला तू एकटी कशाला?”

दुपार कलताना पोचलो. आजी दारात सुपात हरभरे निवडत होती. आम्हाला बघून उठली नाही. सूप खाली ठेवलं आणि पदरानं तोंड पुसत मलाच म्हणाली, “बाई, तुमीच त्या नाणेवाल्या व्हय? तुमचं बरूबर हाय. नकलीच हाय त्यो.”

पोर थबकली.

“मला ठावं हुतं,” आजी म्हणाली. “नांदेडच्या त्या चाच्यानं भिंगातून दावलं हुतं मला. नकल हाय मां, म्हनला. पर लेकीची पैली दिवाळी, आन् खरा घ्यायची ऐपत न्हाई. मी लेकीला सांगितलंच न्हाई. ती खरा म्हनूनच सासरी घिऊन गेली, सासूला दावला, करंड्यात जपला. तवापास्नं हे माझ्या काळजात हाय. तू फोनवर इचारलंस आन् माझी वाचाच बसली, माय. लेकीला फसवलं, आता नातीला काय सांगू?”

मला वाटलं आता पोर रडणार. ती रडली नाही. आजीसमोर मातीतच बसली, रुपया काढला, आणि नखानं राणीच्या मानेखालचं टिंब दाखवलं. चाचांचा ठसा, फुटल्याचं साल, वितळवलेला माल, सगळं एक-एक करून सांगितलं, फळ्यावर गणित मांडावं तसं. आजीला निम्मं कळलं असेल, निम्मं नाही. मग पोर म्हणाली:

“आजी, खरा राणीछाप तर कुणीबी कवाबी आणू शकतं. त्यो खरा असता तर आईचा हाय का न्हाई, हे मला जन्मात कळलं नसतं. नकली हाय म्हणून कळलं. आईचाच हाय त्यो. तू खरंच बोललीस.”

आजीनं तो रुपया घेतला, पदरानं पुसला, परत नातीच्या मुठीत घालून मूठ दोन्ही हातांनी मिटली. रडत होती आणि हसतही होती.

“म्हंजी माझी गरिबी कामाला आली म्हन की,” ती म्हणाली.